पुढचं पुस्तक कोणतं, यावर दोन रविवार गेले

आधी सांगते आम्ही कोण, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इंदुरात मराठी माणसं भरपूर, होळकरांच्या काळापासून आहेत, पण "मराठी कॅथलिक" म्हटलं की समोरचा एकदा थांबतोच. मराठी? आणि ख्रिश्चन? ऑफिसात मला इतकी वर्षं झाली तरी दर नाताळाला कोणी ना कोणी केक खाता खाता विचारतंच की मग तुम्ही मूळच्या केरळच्या का. आणि चर्चमध्ये नेमकं उलटं, तिथे मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये, मल्याळी मंडळी आहेत, झाबुआकडची आहेत, गोव्याची दोन-तीन घरं आहेत, आणि मराठी बोलणारी आम्ही चार टाळकी मिस्सा संपली की गेटजवळ आपोआप एका कोपऱ्यात जमतो. त्या कोपऱ्यातूनच हा वाचनाचा ग्रुप निघाला. आठ जण आहोत, प्रत्यक्षात सहा येतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्याकडे, कारण माझ्या घरासमोर गाड्या लावायला जागा आहे, दुसरं काही कारण नाही. नियम एकच, पुस्तक न वाचता आलात तरी चालेल पण न वाचता मत द्यायचं नाही, आणि तो नियम आजपर्यंत एकानंही पाळलेला नाही (मी धरून).

मागचं पुस्तक होतं लिझ्यूच्या छोट्या तेरेझाचं आत्मचरित्र. चोविसाव्या वर्षी क्षयानं गेलेली मुलगी, १८९७ साली, आणि वर्षभरात तिच्या वह्यांचं पुस्तक निघालं आणि जगभर गेलं. पुस्तक चांगलंच आहे, मला रडू पण आलं एका जागी. पण आम्हाला ते संपवायला आठ महिने लागले आणि दर वेळी चर्चा म्हणजे काय, तर "किती साधी होती ना", "हो ना", "आपल्याला कुठे जमणार", की झालं, पंधरा मिनिटांत पोहे. पोह्यांवर मात्र चर्चा पाऊण तास. पोह्यांवरचा जिरावण मसाला कोणत्या दुकानाचा, शेव जाड का बारीक वगैरे. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं की संतांचं पुस्तक घेतलं की आम्ही सगळे एकदम शहाण्यासारखे वागायला लागतो, कोणी कोणाशी भांडत नाही, आणि जिथे कोणी भांडत नाही तिथे खरं तर कोणी वाचलेलं नसतं.

तर पुढचं पुस्तक. पहिल्या रविवारी सगळ्यांनी एकेक नाव आणायचं ठरलं.

सिस्टरनी सुरुवात केली. सिस्टर मल्याळी आहेत, मराठी समजतं, बोलतात हिंदीत, देवनागरी आपल्यापेक्षा भराभर वाचतात. त्यांचं म्हणणं राणी मारियावर काहीतरी घेऊया, कारण ती तर आपल्या इथली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिस्टर राणी मारिया केरळमधून आलेली, क्लारिस्ट संघातली संन्यासिनी, देवास जिल्ह्यात उदयनगरला भूमिहीन मजुरांमध्ये काम करायची, सावकारांना ते खुपलं, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमधून तिला खाली ओढून लोकांसमोर भोसकून मारलं. तिच्या सख्ख्या बहिणीनं पुढे मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदुरात तिला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, म्हणून घोषित केलं तेव्हा मी त्या गर्दीत होते, ऊन लागून चक्कर यायची वेळ आली होती तरी उभी होते. त्यामुळे विषयाबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण मला दिसत होतं की पुन्हा तेच होणार. आम्ही डोळे पुसणार, "किती मोठं मन" म्हणणार आणि उठणार. मी हे बोलून दाखवलं आणि सिस्टर गप्प झाल्या. जरा वाईट वाटलं मला, पण बोलून बसले.

बँकेतून रिटायर झालेले काका लाउदातो सी ची प्रिंट काढूनच घेऊन आले होते, पोप फ्रान्सिसचं २०१५ चं पर्यावरणावरचं परिपत्रक, २४६ परिच्छेद, स्पायरल बाइंडिंग केलेलं, चार प्रती. काकांचा मुद्दा असा की इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत नंबर वन आहे, तर आपण कॅथलिक म्हणून यावर काही बोलणार की नाही. आम्ही म्हटलं काका, कचरागाडीचं गाणं रोज सकाळी ऐकतोच की. काका रागावले नाहीत, त्यांना सवय आहे, पण चारही प्रती टेबलावरच ठेवून गेले आणि त्यातली एक आता माझ्या मिक्सरखाली आहे कारण ओटा हलतो. (काका हे वाचत असतील तर सॉरी.)

मग आमचा कॉलेजवाला पोरगा. ग्रुपमधला एकटाच तिशीच्या आतला. त्यानं सुचवलं शुसाकू एन्डोची सायलेन्स, जपानी कादंबरी, १९६६ ची. सिनेमा बघून पुस्तकाकडे आलेला आहे तो, पण वाचलंय खरंच. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिश्चनांचा छळ चाललेला, आणि तिथे गेलेला पोर्तुगीज जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू), ज्याच्यासमोर अट अशी की ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेव, नाहीतर तुझ्यामुळे ही गावातली माणसं खड्ड्यात उलटी टांगलेली राहतील. वसईवाल्या ताईंनी लगेच विचारलं, मग तो पाय ठेवतो का? पोरगा म्हणाला ठेवतो. ताई म्हणाल्या, मग कशाला वाचायचं? तो म्हणाला, म्हणूनच वाचायचं. इथे मला वाटलं की हां, आता काहीतरी होतंय. पाच मिनिटं छान खडाजंगी झाली. पण मग प्रॅक्टिकल प्रश्न आला की इंग्लिशमध्ये कोण वाचणार, आठातल्या तिघांना इंग्लिश कादंबरी जड जाते, आणि छोट्या तेरेझाच्या वेळी मी दर महिन्याला पानं पानं मराठीत सांगत बसले होते तो अनुभव ताजा होता, तर मीच नको म्हटलं. पोरगा नाराज. पुढच्या वर्षी घेऊ असं आश्वासन दिलंय, आणि ग्रुपमध्ये पुढच्या वर्षीचं आश्वासन म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

वसईवाल्या ताईंचं नाव ठरलेलंच होतं, फादर दिब्रिटो. ताई कधीही, कुठेही, फादर दिब्रिटो. आणि त्यात चूक काही नाही, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले कॅथलिक धर्मगुरू, सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा पुरस्कार, २०२४ च्या जुलैत गेले तेव्हा ताई दोन दिवस कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांचं आत्मचरित्र, "नाही मी एकला", घेऊया म्हणाल्या. पण गंमत अशी की ताईंनी ते पुस्तक आम्हाला इतक्या वेळा तोंडी सांगितलंय की आम्हाला ते वाचल्यासारखंच झालंय.

आणि मी? मी पूर्ण तयारीनं आले होते. माझं नाव होतं ख्रिस्तपुराण.

आता यात मी जरा वाहवत जाणार आहे, माफ करा. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमधला माणूस, १५७९ ला गोव्यात उतरला आणि परत गेलाच नाही. तिथे राहून मराठी शिकला, म्हणजे नुसती बोलायला नाही, ओवी लिहायला शिकला. १६१६ मध्ये राचोलला छापलं ते, जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण, म्हणजे जुना करार आणि नवा करार. शाळेत आपण ती "हरळांमाजी रत्नकिळा" वाली ओवी घोकली आहे ना, मराठीचं कौतुक, ती याच माणसाची. देवनागरीचे छपाईचे खिळे गोव्यात नव्हते म्हणून सगळं रोमन लिपीत छापलं, पोर्तुगीज वळणानं, श च्या जागी एक्स वगैरे. म्हणजे आपण आज व्हॉट्सअॅपवर ज्या लिपीत मराठी टाइप करतो ते काम चारशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. त्या पहिल्या छापाची एक प्रत सुद्धा आज शिल्लक नाही, हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं, तेही रोमनमध्येच, आणि देवनागरीत यायला १९५६ उजाडलं. मला हे सगळं इतकं भारी वाटतं की कोणी विचारलं नाही तरी सांगत सुटते, आत्ता जसं सांगतेय.

तर मी दोन पानं झेरॉक्स करून आणली होती, वाचून दाखवली. चालीत वाचायचा प्रयत्न केला, मधेच चाल हरवली. काकांनी विचारलं "जी" म्हणजे काय दर ओळीला. पोरगा म्हणाला हे ज्ञानेश्वरीसारखं वाटतंय पण बायबल. मी म्हटलं तेच तर! तो म्हणाला, नाही पण कळत नाहीये. सिस्टर मात्र मान डोलवत होत्या, म्हणाल्या, हमारे यहां भी ऐसा है, पुत्तन पाना. तेही जर्मन जेझुइटानं मल्याळीत रचलेलं, गुड फ्रायडेच्या दिवसात घराघरात गातात. मला एकदम साथीदार मिळाला. मतं मोजली तर ख्रिस्तपुराण ३, दिब्रिटो २, आणि बाकीचे "कोणतंही चालेल" पार्टी, जी प्रत्येक ग्रुपात असते आणि जिच्यामुळे देशाचं पण असं झालंय. मी मनात जिंकलेच होते.

तेव्हा नगरवाली मावशी बोलली. मावशी म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठी, पंचाहत्तरच्या पुढे, नवरा रेल्वेत होता म्हणून इकडे आली, बोलते कमी. पहिल्या रविवारी ती आलीच नव्हती, गुडघे. दुसऱ्या रविवारी आली, पिशवीतून एक पुस्तक काढलं, कव्हर नाही, वर्तमानपत्र घातलेलं. स्मृतिचित्रे.

लक्ष्मीबाई टिळकांचं. आता हे मराठी माणसाला सांगायला नको. पण आमच्यात लगेच कुजबुज, कारण लक्ष्मीबाई प्रोटेस्टंट. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनचा. काका म्हणाले, आपण कॅथलिक ग्रुप, आणि आत्मचरित्र प्रोटेस्टंट बाईचं, फादरना विचारायला पाहिजे का? मी म्हटलं काका, निषिद्ध पुस्तकांची यादी रोमनं १९६६ ला बंद केली, आणि बाकीच्या ख्रिस्ती लोकांशी भाऊबंदासारखं वागा हे व्हॅटिकन परिषदेनं १९६४ लाच सांगून ठेवलंय. तरी काकांनी फादरना फोन लावलाच, स्पीकरवर. फादर हसले आणि म्हणाले मला मराठी येत असतं तर मीच आलो असतो. वर त्यांनी पोप फ्रान्सिसची एक गोष्ट सांगितली, २०२४ मध्ये त्यांनी साहित्यावर एक पत्र लिहिलं होतं ना, त्यातली. तरुणपणी सांता फेला शाळेत साहित्य शिकवायचे, अभ्यासक्रमात एल सिद हे जुनं स्पॅनिश वीरकाव्य होतं आणि पोरांना लोर्का, म्हणजे त्यांच्या जवळच्या काळातला कवी, वाचायचा होता, तर त्यांनी सांगून टाकलं की एल सिद घरी वाचा, वर्गात तुम्हाला आवडतं ते. फादर म्हणाले, तुमच्यात कोणाला कशाची भूक आहे ते बघा.

फोन ठेवल्यावर पोरगा म्हणाला, मावशी पण हेच का? यात तर सगळ्यांना माहीत आहे, विनोदी आहे ना, शाळेत धडा होता.

मावशी म्हणाली, "विनोदी आहे. मी तीनदा वाचलंय. दोनदा चिडले."

आणि मग ती बोलली. मी जसं आठवतंय तसं लिहितेय. म्हणाली, त्या बाईच्या बापाला सोवळ्याचं वेड, बाजारातून आलेली वस्तू धुवून घ्यायचा. लोक वाचून हसतात. मी पण हसले पहिल्यांदा. मग म्हटलं, धुवायचा कशासाठी? कोणाचा हात लागला म्हणून? तर आमचा. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातली, तिच्या बापानं मिशनच्या फादरकडून बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई दूर राहिली, मग त्याच्याकडे परत आली तरी आधी चूल वेगळीच, पाणी वेगळंच, मग एक दिवस तिच्या मनातून ते गेलं, आणि १९०० मध्ये तिनं राहुरीला बाप्तिस्मा घेतला. ती खरं बोलते, काही लपवत नाही, म्हणून मला आवडते. पण सगळं तिच्या ओसरीवरून दिसतं. आमच्या दारातून ते कसं दिसत होतं ते त्या पुस्तकात नाही. "मला त्या बाईशी भांडायचंय," मावशी म्हणाली, "आणि एकटीनं भांडून कंटाळा आला."

खोलीत एकदम शांत. पंख्याचा आवाज येत होता. वसईवाल्या ताई पदर नीट करत बसल्या, कारण त्यांच्याकडे अजून सांगतात आम्ही मूळचे कोण होतो ते, आणि चांगल्या अर्थानं सांगतात. काकांनी हळूच म्हटलं, आता चर्चमध्ये ते सगळं कुठे राहिलंय. मावशी म्हणाली, कागदावर तर आहे ना. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आम्ही बसत नाही, पुढे शिखांना घेतलं, बौद्धांना घेतलं, आमच्या पोरांना अजून नाही. माझ्या भाच्यानं फॉर्म भरला तेव्हा त्यानं काय लिहावं सांगा. काकांना काही सांगता आलं नाही.

आणि मला? मला घाम फुटला होता, खरं सांगते. कारण आमचं मूळ वैजापूरकडचं. बाबांना कोणी विचारलं की ते म्हणायचे "आम्ही मराठवाड्याचे", आणि तिथेच विषय संपायचा, आवाजच असा असायचा की पुढे कोणी विचारू नये. मी पण तोच आवाज शिकले. ऑफिसात "केरळचे का" असं विचारतात ते वर लिहिलंय, तेव्हा मी चिडते, पण कधीकधी मी नुसती हसून सोडून देते, कारण केरळचे म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. आणि त्या क्षणी मला कळलं की मी ख्रिस्तपुराणासाठी एवढी का भांडत होते. भाषा सुंदर आहे, चारशे वर्षं जुनं आहे, सगळं खरं. पण १६१६ च्या गोव्यात माझ्या घरचं कोणी नाही. त्यात मला कोणी काही विचारणार नाही.

हे मी तिथे बोलले नाही. एवढं धाडस नाही माझ्यात. मी फक्त म्हटलं, माझं मत स्मृतिचित्रेला. पोरगा लगेच म्हणाला माझं पण. सिस्टरनी हात वर केला. ताईंनी बराच वेळ घेतला आणि म्हणाल्या ठीक आहे, पण नंतर फादर दिब्रिटो. "कोणतंही चालेल" पार्टी म्हणाली कोणतंही चालेल.

बाकीचं पटकन सांगते. मूळ चार भाग, १९३४ पासून एकेक करत निघाले होते, आता एकत्र मिळतात. संक्षिप्त आवृत्ती घ्यायची नाही असं मावशीनं बजावलंय, "कापलेलं आपल्याला नकोच". दोन प्रती पुण्याहून मागवल्या, एक मला माझ्याच माळ्यावर सापडली, शाळेच्या बक्षिसाची, न उघडलेली. पोरगा मोबाईलवर वाचणार. पहिल्या महिन्यात बाप्तिस्म्याच्या खूप आधी थांबायचं, लग्न, जलालपूर, सोवळ्याचे बाप, एवढंच. मावशीच्या प्रतीत समासात पेन्सिलनं काय काय लिहिलेलं आहे, मी बघायला मागितली तर म्हणाली आधी तुझं वाच. ख्रिस्तपुराणाच्या झेरॉक्स मी सिस्टरना दिल्या, त्यांना पुत्तन पानाशी ताडून बघायचंय म्हणे.

काल रात्री सिस्टरचा ग्रुपवर मेसेज आला. त्यांनी पहिली काही पानं वाचली होती. "सोवळं मतलब? डिक्शनरी में शुद्ध लिखा है. बस इतना?"

सगळ्यांचं दिसत होतं, वाचलं म्हणून. निळी टिक. ताई टायपिंग, मग बंद. काका टायपिंग, बंद. मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या की मुकटा नेसून स्वयंपाक वगैरे, परत खोडल्या. दहा मिनिटं ग्रुप तसाच. मग मावशीचा व्हॉइस मेसेज आला, सहा मिनिटं बावीस सेकंदांचा. मावशीला व्हॉइस मेसेज पाठवता येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मी अजून ऐकलेला नाही. घरातले झोपले की ऐकते.